मोडी वाचणारी भाची

परवा भाचीचा फोन आला. "मामा, पीएच.डी.ला जाऊ का?" एवढंच विचारलं. मी पटकन म्हणून गेलो, "आधी बी.एड. कर." ती गप्प झाली. तेव्हापासून चुटपुट लागून राहिली आहे, म्हणून हे लिहायला बसलो. (ताई, वाचत असशील तर तिला इतक्यात सांगू नकोस.)

ही मुलगी २४ वर्षांची, इतिहासात एम.ए. आणि मोडी घडाघडा वाचते. मला जिथे नुसती गिचमिड दिसते तिथे ती 'छ १२ मोहरम' वाचून पुढच्या ओळीवर गेलेली असते. तिचा एम.ए.चा वर्ग कागदोपत्री भरलेला होता. त्यातली निम्मी मुलं एमपीएससीची. होस्टेल आणि अभ्यासिका मिळते म्हणून नाव घातलेली. त्यांना दोष नाही, मीही इतिहासात एम.ए. करून बँकेतच चिकटलो की! विभागालाही पटावर आकडा हवा असतो. पण आकडा भरला म्हणजे संशोधक मिळाले असं नव्हे.

आता पैशाचं. जेआरएफ मिळाली तर २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार, पुढे ४२ हजार. चांगली रक्कम आहे. ती मिळते नेट परीक्षेवर: तीन तास, १५० प्रश्न, सगळे पर्यायी. त्यात मोडीची एक ओळ वाचून दाखवावी लागत नाही, फारसीचीही नाही. भाची नेट झाली, जेआरएफ थोडक्यात हुकली. म्हणजे प्राध्यापक व्हायला ती पात्र, पण संशोधन करताना जेवायला मात्र पैसे नाहीत. नेट नसलेल्यांसाठी २०१२ मध्ये महिना ८ हजारांची सोय होती, ती केंद्रीय विद्यापीठांपुरती. २०१५ मध्ये यूजीसीने तीही बंद करायचं ठरवलं, तेव्हा मुलं दिल्लीत कचेरीसमोर जाऊन बसली. आपल्याकडे बार्टी, सारथी, महाज्योती यांनी पुष्कळ मुलांना हात दिला, पण त्या पैशांसाठीही मुलांना आंदोलनं करावी लागली.

बरं, पदरचे पैसे घालायची तयारी असली तरी जागा हवी ना! प्रोफेसरकडे ८, असोसिएटकडे ६ आणि असिस्टंटकडे ४, याहून जास्त पीएच.डी.चे विद्यार्थी घेता येत नाहीत. नियम योग्यच आहे. पण मार्गदर्शक कायम नोकरीतला लागतो, आणि आपल्याकडे माणूस निवृत्त झाला की जागा रिकामी राहते, तास तासिका तत्त्वावरच्या पोरांकडे जातात. शिकवायला ते चालतात, मार्गदर्शक म्हणून नाही. एक खुर्ची रिकामी राहिली की आठ मुलांची वाट बंद! एम.फिल. होतं तेव्हा निदान आपल्याला हे जमतंय का ते चाचपून पाहता यायचं. २०२२ च्या नियमांनी तेही गेलं.

आणि इकडे पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे रुमालच्या रुमाल पडून आहेत. सरदेसायांनी त्यातून निवडून ४५ खंड काढले, १९३० पासून चार-पाच वर्षांत, आणि तेही इंग्रज सरकारच्या खर्चाने. परक्या सरकारला जे सुचलं ते आपल्याला का सुचू नये? माझं म्हणणं साधं आहे. विद्यापीठांनी मोडी किंवा फारसी येणाऱ्या दोन-चार मुलांना दोन वर्षं वीसेक हजार द्यावेत, त्यांच्याकडून रुमालांच्या याद्या करून घ्याव्यात, आणि मग पीएच.डी.चं बघावं. यावर माझा एक मित्र लगेच म्हणाला, "म्हणजे ओळखीपाळखीच्यांची सोय!" त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. नेट कशीही असली तरी तिला तुमचं आडनाव कळत नाही. पण यावर उपाय सोपा आहे. न वाचलेला कागद समोर ठेवा, नाव झाकून लिप्यंतर तपासा. असो.

बी.एड.चं बोलणं मी मागे घेतो आहे. पण पहिल्या दोन वर्षांचं पुण्यातलं भाडं कोण भरणार? काल रात्री पाठकोऱ्या कागदावर माझ्या पेन्शनचा हिशोब मांडून पाहिला. जमेलसं दिसतंय. बायकोला अजून दाखवलेला नाही.