टेकडीची वाट : पावलांची आणि चाकांची

पुणे शहराच्या हद्दीतील सर्वांत उंच ठिकाण म्हणजे वेताळ टेकडी. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीच्या या टेकडीवर सेनापती बापट रस्ता, पाषाण, कोथरूड, गोखलेनगर अशा चहूबाजूंनी माणसे चढून येतात. वेताळाचे देऊळ, दगडाच्या जुन्या खाणीत साचलेले पाणी, गिरिपुष्पाची लागवड आणि मोरांचा केकारव एवढ्या भांडवलावर ही टेकडी शहराला रोज ताजेतवाने करीत आली आहे. येथील पायवाटांवर फिरणाऱ्यांच्या जोडीला जाड टायरांच्या गिर्यारोहक सायकली आल्या, त्यालाही आता बराच काळ लोटला. अरुंद वाटेवर या दोघांची गाठ पडली की कुरबुर होते. टेकडी कोणाची, असा प्रश्न मग उपस्थित केला जातो.

दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकून घेण्यासारखे आहे. सत्तरीतला गृहस्थ काठी टेकीत उतरत असताना पाठीमागून अचानक चाके सरकल्याचा आवाज यावा आणि त्याने दचकून काट्यांत पाय टाकावा, हा त्याच्या नाजूकपणाचा दोष नव्हे. उलट ज्या शहराची एके काळी ‘सायकलींचे शहर’ म्हणून ख्याती होती, तेथील तरुणाला आज रस्त्यावर सायकल चालविणे म्हणजे जिवावरचे संकट वाटते. मोटारी नाहीत अशी जी थोडी जागा उरली, तेथूनही त्याला हाकलून द्यावे, हा न्याय त्याला पटणार नाही आणि पटू नये.

सायकलीच्या चाकांमुळे टेकडी खचते, असा एक आक्षेप नेहमी घेतला जातो. तो जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. अमेरिकेतील मोंटाना राज्यात डोंगरवाटांवर केलेल्या आणि १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, चाकांपेक्षा घोड्यांच्या टापांनी आणि माणसांच्या पावलांनी अधिक माती मोकळी होते असे आढळले होते. याचा अर्थ सायकल निरुपद्रवी आहे असा नव्हे. ओल्या मातीत चाकाची चाकोरी उमटते, त्या चाकोरीतून पावसाचे पाणी धावते आणि दोन-तीन पावसाळ्यांत तिची घळ होते. परंतु चिखल टाळण्यासाठी वाटेच्या कडेने चालणारा पादचारीही ती वाट हातभराने रुंद करीत असतोच. टेकडीवरील मातीचा थर मुळातच पातळ आहे. तो वाहून गेला की खाली उघडा कातळच राहणार. तेव्हा मातीचा हिशेब दोघांनाही द्यावा लागेल.

खरा भेद आहे तो वेगाचा. चालणारा माणूस सेकंदाला जेमतेम दीड मीटर अंतर कापतो. उतारावर ताशी २५ किलोमीटर वेगाने येणारी सायकल तेवढ्याच वेळात सात मीटर पुढे सरकते. झाडीच्या वळणावर दहा मीटरच पुढचे दिसत असेल, तर सायकलस्वाराच्या हाती दीड सेकंदही उरत नाही. एवढ्या अवधीत माणुसकी सुचली तरी ब्रेक लागत नाही. म्हणून हा प्रश्न केवळ सौजन्याच्या आवाहनांवर सोपविता येणार नाही.

इतर देशांनी यातून काढलेले मार्ग पाहण्याजोगे आहेत. इंग्लंडमध्ये १९६८ च्या ग्रामीण परिसरविषयक कायद्याने सायकलस्वारांना घोडेवाटांवर जाण्याचा हक्क दिला, पण त्याच कलमात पादचाऱ्यांना आणि घोडेस्वारांना वाट देण्याचे बंधनही घातले. हक्क आणि बंधन एकाच वेळी जन्माला आले, हे त्यातील मर्म. कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात, जेथे १९७० च्या दशकात या क्रीडाप्रकाराने बाळसे धरले, तेथे पुढे डोंगरातील रस्त्यांवर ताशी १५ मैलांची आणि आंधळ्या वळणांवर ५ मैलांची मर्यादा आली. टाहो सरोवराभोवतीच्या अडीचशे किलोमीटरहून लांब वर्तुळाकार रानवाटेच्या एका टप्प्यात तर सायकलींना केवळ सम तारखांना प्रवेश असतो. विषम तारखेला जाणारा पादचारी तेथे निर्धास्त असतो.

सम-विषम तारखांची ही व्यवस्था आपल्याकडे जशीच्या तशी चालेल असे नाही. टेकडीवर नित्य येणारा माणूस तारीख पाहून चालत नाही. पण त्यामागील तत्त्व उचलता येईल. रुंद, मोकळे रस्ते दोघांना खुले असावेत. अरुंद आणि झाडीतल्या पायवाटा केवळ पावलांसाठी राखाव्यात. वेगाने उतरण्याची हौस असणाऱ्यांना एखादी स्वतंत्र, एकेरी वाट आखून द्यावी. खाणीभोवतालच्या फेरीसारख्या वर्तुळाकार वाटेवर सायकलींनी एका दिशेने आणि पादचाऱ्यांनी उलट दिशेने जावे, म्हणजे दोघे समोरासमोर येतील आणि पाठीमागून दचकविण्याचा प्रकारच उरणार नाही. मोठ्या पावसानंतर माती वाळेपर्यंत चाकांना मनाई असावी. मागे चाकोरी उमटू लागली की सायकलस्वाराने परत फिरावे, एवढी साधी कसोटी त्यास पुरेशी आहे. सायकलीला घंटी हवी, हे तर सांगावयासही नको. पादचाऱ्यांनीही चौघांची आडवी फळी धरून चालणे, कानांत यंत्रे खुपसून जगाला बहिरे होणे आणि कुत्री मोकळी सोडणे आवरले पाहिजे.

हे नियम वनखात्याने एकट्याने कचेरीत बसून करू नयेत. फिरणारे आणि सायकलस्वार यांच्या प्रतिनिधींना बरोबर घेऊन एकेक वाट प्रत्यक्ष चालून पाहावी आणि मगच पाट्या लावाव्यात. स्वतः मान्य केलेला नियम माणूस पहारेकऱ्यावाचूनही पाळतो.

या तडजोडीची निकड आणखी एका कारणाने आहे. बालभारती ते पौड फाटा हा सुमारे दोन किलोमीटरचा रस्ता याच टेकडीच्या अंगावरून नेण्याच्या योजनेला शहरातून दीर्घकाळ विरोध झाला. २०२३ च्या एप्रिल महिन्यात नागरिकांनी टेकडी वाचविण्यासाठी मोर्चाही काढला. टेकडीचे रक्षण करण्यास माणसे पुढे येतात, ती तेथे रोज जाऊन तिच्याशी नाते जोडल्यामुळे. काठी टेकणाऱ्याचे नाते जुने असेल, पण उद्या त्याच्या जागी उभे राहावयाचे आहे ते आज सायकलवरून घामाघूम होऊन वर येणाऱ्या मुलालाच. त्याला या टेकडीवरून परका करून पाठविले, तर पुढील मोर्चात चालणार कोण? आणि त्या मुलानेही ध्यानात ठेवावे की, ज्या वळणावर तो आज ब्रेक लावतो, त्याच वळणावरून उद्या त्याला स्वतः पायी उतरावयाचे आहे.