पराटीचा लाल्या आणि ताटातला लाल्या



लाल्या म्हणजे काय हे कापूसवाल्याला सांगावं लागत नाही. बोंडं भरायला लागली की पराटीची खालची पानं शिरांच्या मधल्या जागेत लाल पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मग पानं गळतात, बोंडं बारीक राहतात आणि वेचणी अर्ध्यावर आटोपते. कृषी सेवा केंद्रात गेलं की दुकानदार मॅग्नेशियम सल्फेटची पिशवी हातात ठेवतो. आपण फवारतो आणि विसरतो.

आज आम्ही त्याच मॅग्नेशियमबद्दल लिहितो आहोत, पण पराटीपुरतं नाही. हे द्रव्य माणसाच्या अंगालाही रोज लागतं. कोरडवाहू माणसाला ते ज्या भाकरीतून फुकटात मिळत होतं, ती भाकर गेल्या पन्नास-साठ वर्षांच्या सरकारी धान्य धोरणानं त्याच्या ताटातून काढून घेतली. हा आमचा आरोप आहे, आणि तो आम्ही आकड्यांनिशी करतो आहोत.

आधी झाडाचं बघू. पानाचा हिरवा रंग ज्या हरितद्रव्यामुळे येतो, त्याच्या प्रत्येक कणाच्या मधोमध मॅग्नेशियम असतं. ते नसेल तर पान उन्हाचं अन्न करू शकत नाही. बोंडं भरू लागली आणि मुळांकडून पुरेसं मॅग्नेशियम वर येईना, की झाड जुन्या पानांतलं काढून नव्या वाढीला देतं. म्हणून लाली खालून वर चढते. घरातली भांडी विकून लेकराची फी भरावी तसा हा प्रकार आहे. प्रत्येक लाल पान मॅग्नेशियमचंच असतं असंही नाही. नत्र कमी पडलं, तुडतुडे आले, पाणी साचलं, रात्री एकदम थंडी पडली, तरी पान लाल होतं. शिवाय आपली काळी जमीन बेसाल्ट खडकाची, तिच्यात मॅग्नेशियम मुळात असतंच. पण बरड जमिनीत ते कमी असतं, आणि वरचा थर सुकला की भारी जमिनीतलंही मुळांना उचलता येत नाही. नेमकं कारण कोणतं, हे माती तपासल्याशिवाय कळायचं नाही. हा मुद्दा ध्यानात ठेवा, पुढं कामाला येईल.

आता माणसाचं. मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे 25 ग्रॅम मॅग्नेशियम असतं. त्यातलं निम्म्याहून जास्त हाडांत, उरलेलं बहुतेक स्नायूंत आणि इतर पेशींत. रक्तात असतं ते शंभरात एक भागसुद्धा नाही. पण काम बघाल तर शरीरातल्या तीनशेवर रासायनिक क्रियांना ते लागतं. स्नायू आवळणं आणि सैल होणं, हृदयाचे ठोके तालात पडणं, नसांतून संदेश जाणं, खाल्लेल्या साखरेची ताकद बनणं, या सगळ्यांत त्याचा हात असतो. खूपच कमी पडलं तर भूक मरते, मळमळतं, अशक्तपणा येतो, हातापायांना मुंग्या येतात, गोळे येतात, झटके येऊ शकतात, ठोके चुकू शकतात.

इथंही गोष्ट पराटीसारखीच आहे. बाहेरून मिळालं नाही तर शरीर हाडांतलं काढून रक्ताला देतं आणि रक्तातलं प्रमाण राखतं. त्यामुळे थोडी कमतरता असेल तर रक्ताची तपासणी बहुतेक वेळा ठीकच येते. सावकाराकडं शेत गहाण पडलेलं असलं तरी त्या दिवशी खिशात शंभराची नोट असू शकते. नोट बघून कुणी म्हणावं की या घरचं बरं चाललं आहे, तशातला हा हिशेब.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पोषण संस्थेनं 2020 साली ठरवलेल्या मापाप्रमाणं मोठ्या पुरुषाला दिवसाला 440 मिलिग्रॅम आणि बाईला 370 मिलिग्रॅम मॅग्नेशियम अन्नातून मिळायला हवं. ते येतं कुठून? शंभर ग्रॅम ज्वारीत ते सुमारे 130 मिलिग्रॅम असतं. बाजरीत आणि कोंड्यासकट दळलेल्या गव्हाच्या पिठात साधारण सव्वाशे. मैद्यात जेमतेम 30. आणि पांढऱ्या, पॉलिश केलेल्या तांदळात सुमारे 19. मॅग्नेशियम असतं दाण्याच्या कोंड्यात आणि अंकुरात. गिरणी नेमके तेच घासून काढते.

आता हिशेब मांडू. अन्न सुरक्षा कायदा 2013 चा. त्यात प्राधान्य कुटुंबातल्या माणशी महिन्याला 5 किलो धान्य धरलेलं आहे, म्हणजे दिवसाला सुमारे 167 ग्रॅम. हे धान्य कंट्रोलचा तांदूळ असेल, तर त्यातून माणसाला रोज सुमारे 32 मिलिग्रॅम मॅग्नेशियम मिळतं. पुरुषाच्या गरजेचा तेरावा-चौदावा हिस्सा. तेच धान्य ज्वारी असती, तर सुमारे 220 मिलिग्रॅम. गरजेचा निम्मा वाटा! पोतं तेवढंच, वजन तेवढंच, रांगही तेवढीच. आत काय भरायचं हे कुणीतरी ठरवलं, आणि त्या ठरवण्यात सातपटीचा फरक पडला.

कुणी म्हणेल, फरक डाळ-भाजीनं भरून निघेल. निघतो ना! तूर, मूग, शेंगदाणे, तीळ, पालेभाज्या, सगळ्यांत मॅग्नेशियम आहे. तिळात तर ज्वारीच्या अडीचपट. पण डाळीचा भाव काढून मग बोला. ज्याच्या ताटात भात आणि पातळ वरणाचं पाणी आहे, त्याला बदामाचा सल्ला देऊ नका. ज्याचं ताट धान्यानंच भरतं, त्याचं धान्य कसदार असणं हीच त्याची पहिली गरज.

कुणी म्हणेल, ज्वारीतलं सगळं मॅग्नेशियम अंगी लागत नाही. खरं आहे. कोणत्याही अन्नातलं साधारण तिसरा हिस्सा किंवा थोडं जास्तच शोषलं जातं, आणि कोंड्यातलं फायटिक आम्ल त्यात अडथळा आणतं. पण आपल्या आज्यांनी यावर उपाय कधीच काढून ठेवला आहे. पीठ आंबवून केलेली आंबील आणि मोड आणलेलं धान्य यांत हे आम्ल कमी होतं. आणि 19 मधलं जे लागेल ते लागेल, 130 मधलं जे लागेल ते लागेल. कोणतं जास्त, ते सांगायला पदवी लागत नाही.

सरकारला आजाराची खबर नाही असं नाही. 2021 च्या 15 ऑगस्टला लाल किल्ल्यावरून जाहीर झालं की गरिबांना पोषणयुक्त तांदूळ देणार. म्हणजे काय, तर कारखान्यात तयार केलेले दाणे त्यात मिसळायचे, लोह, फॉलिक आम्ल आणि ब-12 घातलेले. आधी गिरणीत दाण्याचा कस घासून कोंड्यात घालवायचा, मग तीन पदार्थ सरकारी पैशानं वरून चिकटवायचे. मॅग्नेशियम त्यातही नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? आणि ज्या पिकात ते जन्मतःच आहे, ते पिकवणारा शेतकरी मात्र भावासाठी दारोदार.

ज्वारी का गेली हे नीट समजून घ्या. 1965 साली भारतीय अन्न महामंडळ निघालं, त्याच साली कृषि मूल्य आयोग निघाला. खरेदीची पक्की हमी गहू आणि तांदळाला मिळाली, पाटबंधारे आणि खतं त्यांच्याच मागं गेली. कोरडवाहू ज्वारीला कागदावरचा हमीभाव मिळाला. 1980 च्या आसपास महाराष्ट्रात साठ लाख हेक्टरांवर ज्वारी उभी असायची, आज त्याच्या निम्मीही राहिलेली नाही. 2025-26 च्या हंगामासाठी संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला 3699 रुपये आणि मालदांडीचा 3749 रुपये जाहीर झाला. जाहीर करणं सोपं असतं. खरेदी केंद्राचं कुलूप उघडेपर्यंत गरजवंताची ज्वारी व्यापाऱ्याच्या गोदामात गेलेली असते.

म्हणून शहरातल्या उपदेशकांना आमचं एक सांगणं आहे. 2023 हे जगानं भरड धान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं, आपल्याकडं ज्वारी-बाजरीला ‘श्री अन्न’ असं नाव मिळालं, मोठ्या हॉटेलांत पंगती झाल्या. नाव दिलंत, आता दाम द्या. शेतकऱ्यानं आपल्या तब्येतीसाठी ज्वारी पेरावी असा उपदेश आम्ही करणार नाही. पाखरं राखायची, पावसात कणसं काळी पडली की मातीमोल विकायची, आणि चुलीपुढं बसून भाकरी थापायला बाईचा घाम, हा सगळा खर्च कुणी धरतो का? शेतकऱ्यानं ज्वारी सोडली ती खुळेपणानं नाही, हिशेबानं सोडली. ती परत येईल तीही हिशेबानंच.

आणि मजुराच्या पोटावर पाय देऊन आम्हाला ज्वारीचा भाव नको. कंट्रोलचं धान्य बंद करा असं म्हणणाऱ्यांत आम्ही नाही. भूमिहीनाचं पोट त्यावर चालतं. 2023 च्या जानेवारीपासून ते फुकट झालं हेही आम्ही जाणतो. आमचं म्हणणं एवढंच की कायद्यातच भरड धान्याची तरतूद आहे, तर ती पाळा. एखाद्या जिल्ह्यात एखाद्या हंगामात ज्वारीची पोती आली म्हणून धोरण बदललं असं होत नाही.

दुसरा आरोप मोजमापाचा. 2015 साली मृदा आरोग्य पत्रिका आली. तिच्यात बारा गोष्टी तपासतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. मॅग्नेशियम नाही. 2010 पासूनच्या खत अनुदानात नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आले, बोरॉन आणि जस्त मिसळलेल्या खताला जादा अनुदान आलं. मॅग्नेशियम नाही. आता माणसाकडं या. 2016 ते 2018 मध्ये देशातल्या मुलामुलींची मोठी पोषण पाहणी झाली. लोह, जस्त, आयोडीन, जीवनसत्त्वं मोजली गेली. मॅग्नेशियम नाही. माती मोजायची नाही, माणूस मोजायचा नाही, आणि मग कमतरतेचा पुरावा कुठं आहे म्हणून विचारायचं! न मोजलेल्या गोष्टीचा धंदा मात्र जोरात होतो. शेतकरी आंधळेपणानं पिशवी आणतो आणि आजारी माणूस आंधळेपणानं गोळी आणतो.

त्या गोळीबद्दलही सावध राहा. पाठदुखीपासून मधुमेहापर्यंत सगळं मॅग्नेशियमनं बरं होतं असं सांगणारे आता गावोगाव भेटतात. खरं एवढंच आहे: ज्यांच्या आहारात मॅग्नेशियम जास्त, त्यांच्यात मधुमेह कमी दिसतो. पण गोळीनं मधुमेह बरा होतो असं कुणी सिद्ध केलेलं नाही. रक्तदाब गोळीनं उतरतो तो अगदी थोडा. म्हाताऱ्या माणसांच्या रात्रीच्या गोळ्यांवर तिचा फारसा उपयोग दिसलेला नाही. उन्हात राबून गोळे आले तर आधी पाणी आणि मीठ बघा. मात्र मधुमेह आटोक्यात नसलेले, रोज दारू पिणारे, सतत जुलाब होणारे आणि वर्षानुवर्षं पित्ताच्या गोळ्या खाणारे, यांच्या अंगातलं मॅग्नेशियम खरोखर घटू शकतं. त्यांनी डॉक्टरांना तसं विचारावं. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यानं मॅग्नेशियमची गोळी किंवा जुलाबाचं मीठ आपल्या मनानं अजिबात घेऊ नये, जिवावर बेतेल. आणि फवारणीची पिशवी फवारणीसाठीच. ते मीठ पोटात घेऊ नका.

या मेळाव्यापुढं आम्ही चार ठराव ठेवतो आहोत.

एक, जिल्ह्यातली ज्वारी हमीभावानं जिल्ह्यातच खरेदी करून त्याच जिल्ह्याच्या कंट्रोलच्या दुकानांत दर महिन्याला द्यावी, आणि तांदूळ की ज्वारी ही निवड कार्डधारकाची असावी. खरेदी केंद्रं मळणीच्या आधी उघडावीत.

दोन, माती परीक्षणाच्या पत्रिकेत मॅग्नेशियम घालावं आणि कापूस पट्ट्यातल्या तालुक्यांपासून सुरुवात करावी.

तीन, ज्या जमिनीत ते कमी निघेल तिथं मॅग्नेशियम सल्फेटला गंधक-जस्ताच्या बरोबरीनं अनुदान द्यावं.

चार, अंगणवाडीच्या आणि शाळेच्या आहारात आठवड्यातून निदान तीन दिवस ज्वारी-बाजरी असावी, आणि पुढच्या पोषण पाहणीत मॅग्नेशियम मोजावं.

सरकार करील तेव्हा करील. तोवर कंट्रोलचा गहू मिळाला तर तो चक्कीवर दळून कोंडा चाळू नका. ज्वारी असेल तर आंबील लावा. पराटीत तुरीच्या ओळी आहेतच, त्यांतली घरापुरती तूर विकू नका. पण हे करताना एक गोष्ट विसरू नका. घरातली काटकसर हा धोरणाला जबाब होत नाही. पान लाल पडलं की आपण मुळाकडं बघतो, पानाला दोष देत नाही. मजुराचं अंग मोडलं, बाईला चक्कर आली, तर तिलाच खाण्यापिण्याचे उपदेश करणाऱ्यांना हेच सांगा, मुळाकडं बघा. चारही ठराव गावाच्या ग्रामसभेत मंजूर करून घ्या, त्यांच्या नकला तहसीलदाराकडं पोचत्या करा, आणि पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नका.