स्कूल म्हणजे फुरसत!

हल्ली परभणीत कुठल्याही रस्त्यानं निघा, पाट्यांवर 'स्कूल' भेटतंच. शाळा म्हणायची लाज वाटते म्हणून स्कूल. म्हणा बापडे! पण निदान त्या शब्दाचा अर्थ तरी पाळा.

'स्कूल'चं मूळ ग्रीक 'स्खोले'. अर्थ काय? तर फुरसत! पोटापाण्याच्या कामातून मोकळं होऊन माणसानं विचार करावा, वाद घालावा, त्यासाठीचा वेळ. पुढे त्या जागेलाच तो शब्द चिकटला आणि लॅटिन 'स्कोला'मार्गे इंग्रजीत आला. रोमन लोक तर प्राथमिक शाळेला 'लुडुस' म्हणत, म्हणजे चक्क खेळ! आपली 'शाळा' संस्कृतातली, अर्थ घर किंवा दालन. निजामाच्या राजवटीत इथल्या सरकारी शाळेला 'मदरसा' म्हणत; तो 'दर्स' म्हणजे धडा, त्यावरून. घाण्याला जुंपणं यातल्या एकाही शब्दात नाही हो!

आता आपल्याच घरातल्या पोरांचा दिवस बघा. सकाळी ट्यूशन, मग स्कूल, मग क्लास, रात्री होमवर्क. दहावी झाली की लातूर नाहीतर नांदेड. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात पाचवीपर्यंत वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं सांगितलंय. म्हणजे दिवसाला सरासरी चार तास. त्याच कायद्याच्या कलम २८ नं शिक्षकांना खाजगी शिकवणीची बंदी आहे. मग चाराचे दहा तास कुणी केले? आईबापांनो, तुम्हीच!

मी आयुष्यभर मराठी शिकवलं. वेगळा प्रश्न विचारायचं ते पोर, ज्याला खिडकीबाहेर बघायला थोडा वेळ असायचा. दमलेलं पोर फक्त उत्तर पाठ करतं.

कुणी म्हणेल, गुरुजी, ग्रीकांची फुरसत गुलामांच्या घामावर उभी होती. खरंय. म्हणूनच तर शाळा हवी! कापूस वेचणाऱ्या, ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या लेकराला हक्काची फुरसत दुसरी कुठे मिळणार? वर्गात बसलेलं असेतोवर त्याच्या हातात कोयता नसतो. आणि ज्यांच्या लेकरांना ही फुरसत आयती मिळते, ते पैसे मोजून ती हिसकावून घेतात!

जाता जाता... इंग्रजीत माशांच्या झुंडीलाही 'स्कूल' म्हणतात. स्पेलिंग तेच, पण तो शब्द निराळा, डचमधून आलेला. एकानं वळण घेतलं की सगळे तिकडेच. पाट्या रंगवणाऱ्यांनो, तुमचं स्कूल या दोनांपैकी कोणतं, तेवढं खाली बारीक अक्षरात लिहाल का?