मतिमंद आरोपी: तपासणी कोण करणार आणि कशी?

पश्चिम उपनगरातले पोक्सोचे बरेच खटले दिंडोशीच्या सत्र न्यायालयात चालतात. आरोपी पंचवीस वर्षांचा, पण समज आठ वर्षांच्या पोराची, असं प्रकरण आलं की मोहल्ल्यात दोनच सूर ऐकू येतात: 'वेडा आहे, सोडून द्या', नाहीतर 'नाटक करतोय, लटकवा'. आम्हाला दोन्ही चूक वाटतात. पीडित मुलीचं दुःख आरोपीच्या बुद्ध्यांकाने कमी होत नाही. पण त्याला काय कळत होतं हे न तपासता दिलेला निकाल न्याय कसा म्हणायचा?

पहिला घोळ शब्दांचा. वेड आणि मतिमंदत्व एक नव्हे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने मतिमंदत्व मानसिक आजाराच्या व्याख्येबाहेर ठेवलं आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम 22 सूट देतं, पण आपण काय करतोय किंवा ते चूक आहे हे कळण्याची कुवतच नसेल तर. सौम्य मतिमंदत्व असलेला तरुण त्यात सहसा बसत नाही. पोक्सोचं कलम 30 तर आणखी कडक: गुन्हेगारी हेतू होता असं कोर्ट धरून चालतं, नव्हता हे आरोपीनेच संशयापलीकडे सिद्ध करायचं. सोळा वर्षांखालील मुलावर किंवा मुलीवर अंतर्भेदी (पेनिट्रेटिव्ह) लैंगिक आक्रमण झालं, तर 2019 पासून किमान शिक्षा 20 वर्षं. 'मानसिक वय' इथे चालत नाही. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 38 वर्षांच्या दिव्यांग पीडितेच्या प्रकरणात सांगितलं की पोक्सोत वय म्हणजे जन्मापासूनचंच वय.

मग सगळा भार येतो तपासणीवर. नुसता आकडा पुरत नाही. आपल्याकडची बिने-कामत चाचणी मुळात मराठी आणि कन्नड मुलांवर बेतलेली. घरात उर्दू किंवा दखनी बोलणाऱ्या, शाळा सुटलेल्या पोराला ती कुठल्या भाषेत दिली, हे वकिलाने विचारलंच पाहिजे. शिवाय तो पैसे मोजतो का, एकटा लोकलने जातो का, हेही पाहायला हवं. असे लोक समोरच्याला खूश करायला 'हो' म्हणून टाकतात. तोच प्रश्न उलटा विचारला तरी 'हो'च.

1989 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी एक मुद्दा मांडला: अशी काही कृत्यं विकृत ओढीतून नाही, तर लैंगिक शिक्षण आणि खासगीपणा कधी मिळालाच नाही म्हणून घडतात. सगळ्यांना हे लागू नाही, काहींची ओढ खरोखर लहान मुलांकडेच असते. तपासणीने हाच फरक काढायचा, कारण पुढचा धोका आणि उपचार त्यावर ठरतात.

आरोपी स्वतःचा बचाव करू शकतो का, याबद्दल शंका असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 367 खाली मॅजिस्ट्रेट त्याला सिव्हिल सर्जनकडे पाठवतात, तिथून मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे. घरच्यांनी शाळेचे दाखले, जुने केसपेपर, यूडीआयडी कार्ड पहिल्याच रिमांडला द्यावं. आपल्याकडे लग्न जमणार नाही या भीतीने कित्येक घरं हे कार्ड काढतच नाहीत, आणि अटकेनंतर काढलेल्या कागदाकडे सरकारी वकील संशयाने बघणारच.