डोळे पडद्यावर, लक्ष कुठे?

जून २०२० मध्ये रायगडच्या मुलांवर दोन संकटे एकदम आली. कोरोनामुळे शाळा बंद होत्या आणि ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्यावर धडकले. विजेचे खांब पडले, मोबाइलची रेंज गेली. विनोबा भावे यांचे जन्मगाव असलेल्या पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुकसारख्या गावात ऑनलाइन तास म्हणजे आधी वीज, मग रेंज, मग घरातला मोकळा फोन. एवढे जुळल्यावरही शिक्षकाला पडद्यावर मुलांचे चेहरे नव्हे, बहुतेक वेळा नावांचे चौकोनच दिसत. मूल ऐकते आहे की नाही, हे कळायचे कसे?

यावर तंत्रज्ञांचे उत्तर आहे नजरेचा मागोवा. वाचताना आपले डोळे सलग सरकत नाहीत. ते उड्या मारतात आणि मध्ये साधारण पाव सेकंद थबकतात. प्रयोगशाळेतले यंत्र डोळ्यावर अदृश्य अवरक्त प्रकाश टाकते आणि बाहुली व प्रकाशाचे प्रतिबिंब यांच्या अंतरावरून नजर कुठे आहे ते काढते. फोनचा साधा कॅमेरा हेच काम अंदाजाने करतो. हातातला फोन हलला, खोलीत उजेड कमी असला की अंदाज चुकतो.

या तंत्रात तथ्य नाही असे नाही. न्यू यॉर्कमधील संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवले, की शैक्षणिक व्हिडिओ मन लावून पाहणाऱ्यांची नजर एकमेकांसारखी फिरते, आणि हे साम्य जास्त असणाऱ्यांना नंतरच्या चाचणीत गुणही जास्त मिळतात. व्हिडिओ पाहता पाहता मनातल्या मनात सात-सात वजा करत उलटे आकडे मोजायला सांगितले, तेव्हा ते साम्य घटले. घरच्या वेबकॅमवरही हा प्रयोग जमला.

मात्र हे प्रयोग प्रौढ विद्यार्थ्यांवर आणि छोट्या व्हिडिओंवर झाले. अनेकांच्या नजरेतले साम्य मोजणे वेगळे आणि एका मुलाच्या नावापुढे ‘लक्ष नाही’ अशी खूण करणे वेगळे. वैद्यकीय दृष्टीने खरी अडचण इथेच आहे. नजर हटण्याची कारणे अनेक असतात. तिरळेपणा असेल, चष्म्याचा नंबर असूनही चष्मा नसेल, पडद्याकडे बघताना पापण्या कमी मिटल्याने डोळे कोरडे पडले असतील. झोप अपुरी असेल, रक्तक्षयामुळे थकवा असेल. अतिचंचल मुलाची नजर भिरभिरते, ते त्याच्या हातात नसते. स्वमग्न मूल दुसरीकडे पाहत असले, तरी नीट ऐकत असू शकते. उलट, पडद्यावर डोळे रोखून बसलेल्या मुलाचे मन नदीवर पोहायला गेलेले असू शकते. शिवाय कोणी पाहते आहे हे कळले, की मुले शिकण्याऐवजी टक लावून बसायला शिकतील.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांचा मागोवा घेण्यास आणि त्यांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास मनाई केली आहे. नियमांत शिक्षणसंस्थांना शैक्षणिक कामापुरती सूट आहे, म्हणून पालकांनी आणि शाळांनी अधिक सावध राहायला हवे.

हे तंत्र वापरायचेच असेल, तर त्याने मुलाची नव्हे, धड्याची परीक्षा घ्यावी. वर्गातल्या बहुतेकांची नजर एकाच ठिकाणी भरकटत असेल, तर तिथले चित्र किंवा बोलणे सुधारावे. नोंद निनावी असावी, डोळ्यांचे चित्रण फोनबाहेर जाऊ नये आणि हजेरी वा गुणांशी तिचा संबंध नसावा.

एखाद्याच मुलाचे लक्ष वारंवार उडत असेल, तर आधी त्याचे डोळे तपासावेत. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून शाळा-अंगणवाड्यांत जाऊन मुलांची तपासणी करत आहेत. त्यात नजरेची तपासणीही असते. पथक येईल त्या दिवशी अशा मुलाचे नाव शिक्षकांनी आवर्जून सांगावे. चष्मा लागला तर तो मिळेपर्यंत पाठपुरावा करावा. आणि तास ऑनलाइन असो वा वर्गातला, दर दहा मिनिटांनी एक सोपा प्रश्न विचारावा. मुलाच्या उत्तरातून जे कळते, ते त्याच्या बाहुलीतून कळत नाही.