हॉलंडचा पहिला दिवस रिकामा ठेवा

उन्हाळ्याच्या सुट्ट्या जवळ आल्या की ऑफिसातल्या कुणाची तरी एक एक्सेल शीट माझ्याकडे येतेच. आम्ही आई-बाबांना आणि आठ वर्षांच्या लेकीला घेऊन मे महिन्यात नेदरलँड्सला जाऊन आलो, तेव्हापासून मी त्या विषयातला तज्ज्ञ ठरलोय! शीट साधारण सारखीच असते. पहिला दिवस: सकाळी आठला लँडिंग, दहाला सामान लॉकरमध्ये, अकराला कॅनॉल क्रूझ, दुपारी झान्से स्खान्सच्या पवनचक्क्या, संध्याकाळी डाम चौक, रात्री इंडियन जेवण. बरोबर सत्तरीचे आई-बाबा आणि एक शाळकरी पोर.

शीट पाठवणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगतो. पहिल्या दिवसाच्या सगळ्या ओळी सिलेक्ट करा आणि डिलीट दाबा.

यावर समोरून हमखास येणारं उत्तर म्हणजे, "अरे, माणशी एवढे पैसे घातलेत, व्हिसासाठी बोटांचे ठसे देऊन आलो, आणि एक दिवस वाया घालवू?" हा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. मध्यमवर्गीय घरात अशी ट्रिप आयुष्यात एकदा-दोनदा होते. पण हिशोब नीट मांडा. रात्रभर विमानात बसून आलेल्या आईचे पाय सुजलेले असतात. घड्याळ उन्हाळ्यात साडेतीन तास मागे गेलेलं असतं, म्हणजे तिथे संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा तिच्या शरीरात साडेदहा झालेले असतात. हॉटेलची खोली सहसा दुपारनंतरच मिळते. अशा अवस्थेत जे बघाल ते फक्त फोटोत राहतं. शिवाय अ‍ॅन फ्रँकचं घर किंवा व्हॅन गॉग म्युझियम यांची तिकिटं ठरलेल्या वेळेची असतात. अ‍ॅन फ्रँकच्या घराची तर दर मंगळवारी, सहा आठवडे पुढची तिकिटं खुली होतात. विमान दोन तास लेट झालं की तिकीट पाण्यात. आपण नव्या सर्व्हरवर पहिल्याच दिवशी अख्खं लोड टाकत नाही ना? मग घरच्यांवर का टाकायचं?

पण थकवा हे माझं अर्धंच कारण आहे. उरलेलं अर्धं जास्त महत्त्वाचं. हॉलंडमध्ये बघण्यासारखी जी खरी गोष्ट आहे ती कुठल्याच यादीत नसते आणि तिला तिकीट नसतं. ती दिसायला फक्त रिकामा वेळ लागतो.

(हॉलंड की नेदरलँड्स? देशाच्या बारा प्रांतांपैकी दोनच हॉलंड, उत्तर आणि दक्षिण. पण आमच्या बाबांच्या तोंडी हॉलंडच आहे, तेव्हा मीही दोन्ही वापरतोय.)

आम्ही मुक्काम अ‍ॅमस्टरडॅमला न ठेवता हार्लेमला ठेवला होता. उत्तर हॉलंडची ही राजधानी, अ‍ॅमस्टरडॅमहून ट्रेनने पंधरा-वीस मिनिटांवर. विमानतळाहून ३०० नंबरची बस थेट तिथे जाते. वेगळा पास काढावा लागत नाही. २०२३ पासून देशभर बस, ट्राम, ट्रेनमध्ये आपलं बँकेचं कार्ड चढताना आणि उतरताना टेकवलं की झालं. फक्त माणशी एक कार्ड लागतं, एकाच कार्डावर सगळ्यांचं होत नाही. तेव्हा आई-बाबांच्या कार्डांवर इंटरनॅशनल व्यवहार निघण्यापूर्वी सुरू करून ठेवा. आणि हो, मांस आणि दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपियन युनियनमध्ये नेता येत नाहीत. तुपाचा डबा आणि पेढे घरीच ठेवायचे. मेतकूट चालतं!

बस निघाल्यावर बाबांना एवढंच सांगितलं, की आपण आत्ता एका तळ्याच्या तळाशी आहोत. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला विमान लागलंय.

पण ते खरंच आहे. स्खिपोल विमानतळ (उच्चार शिफॉल नाही, घसा खाकरून स्खिपोल) समुद्रसपाटीपासून ३ मीटरहून जास्त खाली आहे. तिथे पूर्वी हार्लेमरमेर नावाचं सुमारे १८० चौरस किलोमीटरचं तळं होतं. वादळात ते काठ गिळत सुटायचं. १८३६ च्या नोव्हेंबरात त्याचं पाणी अ‍ॅमस्टरडॅमच्या वेशीपर्यंत आलं आणि डिसेंबरात लायडनच्या. ते उपसायची कल्पना मात्र जुनी होती. लेखवाटर नावाच्या माणसाने १६४१ मध्येच १६० पवनचक्क्यांची योजना मांडली होती. प्रत्यक्ष काम झालं १८४९ ते १८५२ या काळात, वाफेच्या तीन पंपिंग स्टेशनांवर. त्यातल्या एकाला लेखवाटरचंच नाव दिलं. दुसऱ्याचं, क्रूकियसचं, आता म्युझियम झालंय आणि त्या इंजिनाचा सिलिंडर ३.६६ मीटर व्यासाचा आहे. तळ्याभोवती आधी कालवा खणला आणि पाणी त्यात उचलून टाकलं. तो कालवा आजही आहे. हार्लेमला जाताना बस तो ओलांडते, तेव्हा कालव्याचं पाणी वर आणि शेतं, घरं खाली असं दिसतं.

बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत. ते उठून खिडकीला चिकटले ते हार्लेम येईपर्यंत. "आणि पंप बंद पडला तर?" हा त्यांचा पहिला प्रश्न. कुठल्याही क्रूझवर त्यांनी हा प्रश्न विचारला नसता.

त्याचं उत्तर असं, की पंप बंद पडू देत नाहीत. देशाची जवळपास २६ टक्के जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे. त्यासाठी 'वाटरस्खाप' नावाच्या पाणी-संस्था आहेत, सध्या २१. त्यांचा कर वेगळा, निवडणूक वेगळी. या भागातल्या राइनलांड संस्थेचा उल्लेख तेराव्या शतकापासून सापडतो. म्हणजे आपल्याकडे ज्ञानेश्वरी लिहिली जात होती साधारण त्या काळापासून ही मंडळी बंधारा कोणी दुरुस्त करायचा आणि पैसे कोणी द्यायचे यावर बैठका घेतायत. हे कळल्यावर दुसऱ्या दिवशी पवनचक्की बघायला गेलात तर ती नुसती फोटोची पार्श्वभूमी राहत नाही, तो पंप असतो.

दुपारी झोप काढून आम्ही गावात नुसते फिरलो. मे महिन्यात तिथे सूर्य साडेनवाच्या सुमाराला मावळतो, त्यामुळे घाई नव्हती. ग्रोटे मार्क्ट हा मुख्य चौक, शेजारी सेंट बाव्होचं चर्च. तिथल्या ऑर्गनवर १७६६ साली दहा वर्षांच्या मोझार्टने वाजवलं होतं. पण आई चर्चकडे बघतच नव्हती. ती रस्त्याकडे बघत होती.

पुण्यात आमच्या घरासमोरचा रस्ता ओलांडायला नको म्हणून आईने गेल्या दोन वर्षांत भाजी आणायला जाणं बंद केलंय. देवळात जायचं तर कुणीतरी सोबत लागतं. गुडघे नाही, रस्ता! हार्लेममध्ये ती झेब्रा क्रॉसिंगपाशी थांबली आणि सवयीने माझा दंड धरला. गाडी थांबली. ड्रायव्हरने हातानेच 'जा' म्हटलं. पलीकडे पोचल्यावर आई म्हणाली, "थांब, मी एकटी परत जाऊन येते." आणि गेली. तीन वेळा. सुनेला म्हणते, "तू पण बघ गं करून!" लेकीच्या वयाची पोरं दप्तर लटकवून एकटी सायकलवरून चालली होती आणि आईच्या वयाच्या बायका पुढच्या टोपलीत कोबी टाकून. (सायकली मात्र दरवेळी थांबत नाहीत. लाल रंगाच्या पट्ट्यात उभं राहून सेल्फी काढू नका, घंटी नाही तर शिव्या ऐकाल.)

हे बघून परतणारे लोक दोन वाक्यं म्हणतात. एक, "त्यांची संस्कृतीच वेगळी." दोन, "त्यांच्याकडे लोक कमी." मला दोन्ही पटत नाहीत.

संस्कृतीचं बघा. १९५० आणि ६० च्या दशकांत डच शहरंही मोटारींनी भरत चालली होती. रस्ते रुंद होत होते, सायकली मागे पडत होत्या. १९७१ साली रस्त्यांवर सुमारे ३३०० माणसं मेली, त्यात चारशेहून अधिक मुलं होती. मग आई-बाप रस्त्यावर उतरले. चळवळीचं नाव होतं 'स्टॉप दे किंडरमोर्ड', म्हणजे 'बालहत्या थांबवा'. अपघात न म्हणता हत्या म्हणाले! पाठोपाठ १९७३ चं तेलसंकट आलं. गावागावांतून दबाव आला, नियम बदलले, रस्ते नव्याने आखले गेले आणि हे काम दशकानुदशकं चाललं. म्हणजे ती 'संस्कृती' माझ्यापेक्षा फार मोठी नाही.

लोकसंख्येचं म्हणाल तर देशात चौरस किलोमीटरला ५०० हून जास्त माणसं आहेत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचा आकडा ३६५ होता. आपली शहरं त्यांच्या शहरांहून दाट आहेत, हे मान्य. त्यांची जमीन सपाट आहे, हेही मान्य. पण दाट शहरात तर लोकांना चालायला जागा जास्त हवी ना? आणि पुणं हे एकेकाळी सायकलींचं शहर होतं, हे मी कुठल्या परदेशी पुस्तकात वाचलेलं नाही, बाबा स्वतः सायकलने कामावर जायचे.

तिथे सगळं गोड आहे असं अजिबात नाही. २०२२ मध्ये नेदरलँड्समध्ये २९१ सायकलस्वार रस्त्यावर मेले, त्यात म्हातारे बरेच होते. फरक इतकाच, की ते लोक हा आकडा नशिबावर ढकलून मोकळे होत नाहीत, त्यावर काम करतात. पाण्याशी वागतात तसंच. पंप बंद पडला तर काय, हा प्रश्न रोज विचारायचा.

म्हणून माझं मत, की पहिल्या दिवशी फक्त तीन गोष्टी करा. विमानतळाहून बसने किंवा ट्रेनने जा, खिडकीची जागा घरातल्या मोठ्यांना द्या. दुपारी झोपा. संध्याकाळी एखाद्या साध्या गल्लीत बाकावर बसा आणि माणसं कशी ये-जा करतात ते पोरांना मोजायला सांगा. क्रूझ, केउकेनहॉफ, चीज सगळं उद्यापासून. ते कुठे पळून जात नाही. (केउकेनहॉफ जातं, ते वर्षातले सुमारे आठच आठवडे उघडं असतं, तेवढं तपासून घ्या.)

आई आता पुण्यात आहे आणि अजूनही भाजीला एकटी जात नाही. रस्ता तोच आहे. पण पूर्वी ती "माझंच वय झालं" म्हणायची, हल्ली "रस्ता नीट नाही" म्हणते. बाबांनी महापालिकेला फुटपाथबद्दल पहिलं पत्रही धाडलंय, पाटबंधारे खात्याच्या भाषेत, मोजमापांसकट. उत्तर आलेलं नाही. त्यांचं दुसरं लिहून तयार आहे.