बर्फावरील हॉकी आणि होतकरूंची पारख

मुलाचे पाय पाळण्यांत दिसतात, असें आपण सहज म्हणून जातों. कॅनडा व अमेरिका या देशांत मात्र या समजुतीवर दरवर्षीं मोठमोठ्या रकमा लावल्या जातात. तेथील नॅशनल हॉकी लीगमधील संघ कोवळ्या वयाचे, बहुधा अठरा वर्षांचे खेळाडू पाळीपाळीनें निवडून घेतात. या निवडीस ‘ड्राफ्ट’ म्हणतात व ती १९६३ सालापासून चालत आलेली आहे. कोणता मुलगा पुढें किती गोल करील हें आधीं सांगतां येईल काय, हा प्रश्न तेथील संघचालकांस व गणितज्ञांस सारखाच सतावीत असतो. प्रश्न दूरदेशींच्या खेळाचा खरा. परंतु त्याचें जें उत्तर निघालें आहे तें मुलाबाळांच्या प्रत्येक घरानें ऐकण्याजोगें आहे.

ही हॉकी म्हणजे आपल्याकडील मैदानी हॉकी नव्हे. गोठविलेल्या गुळगुळीत बर्फावर, पोलादी पात्यांचे जोडे घालून, प्रत्येक बाजूचे सहा गडी रबराची चपटी चकती काठीनें गोलमध्यें धाडण्याची शिकस्त करतात. गोल करणारास एक गुण मिळतो. आणि ज्यांनीं त्याच्याकडे चकती पोंचविली अशा फार तर दोन साथीदारांसही एकेक गुण मिळतो. हंगामाअखेर मुलाच्या नांवावर जमलेले हे गुण, हीच भाकिताची पहिली सामग्री होय.

ती किती फसवी असते पाहा. अलेक्झांडर डेग या मुलानें क्वेबेकच्या कुमार लीगमध्यें १९९२-९३ च्या हंगामांत ५३ सामन्यांत १३७ गुण मिळविले, व ओटावाच्या संघानें १९९३ सालीं सर्वांत प्रथम त्यासच उचललें. पुढें नॅशनल लीगमध्यें ६१६ सामने खेळून त्याचे एकंदर गुण झाले अवघे ३२७. उलटपक्षीं पावेल डाटसुक हा १९९८ सालीं १७१ व्या क्रमांकावर निवडला गेला व पुढें डेट्रॉइटच्या संघाचा आधारस्तंभ ठरला. मार्टिन सेंट लुई या ठेंगण्या खेळाडूस तर कोणीं निवडलेंच नाहीं. पण २००३-०४ च्या हंगामांत सर्व लीगमध्यें सर्वाधिक, म्हणजे ९४ गुण त्याचेच होते.

मग गणितज्ञ पुढें सरसावले. गॅब्रिएल देजार्दँ यांनीं अशी युक्ति काढली कीं, एका लीगमधून नॅशनल लीगमध्यें गेलेल्या खेळाडूंचे आधींचे व नंतरचे गुण ताडून पाहावे, व त्यावरून त्या लीगमधील एका गुणाची किंमत ठरवावी. नाण्यांचा भाव असतो तसाच हा गुणांचा भाव. युक्ति उपयोगी खरी. परंतु हा भाव जे वर चढले त्यांच्यावरूनच ठरतो, जे खालींच राहिले ते हिशेबांत येत नाहींत. शिवाय साथीदार कसे लाभले, प्रतिपक्षाचा गडी शिक्षा होऊन बाहेर बसला असतां खेळावयास किती मिळालें, नशिबानें किती हात दिला, हें नुसत्या बेरजेंत दिसत नाहीं.

परंतु सर्वांत मोठी गफलत निराळ्याच ठिकाणीं होती. कॅनडांत लहान मुलांचे वयोगट १ जानेवारी या तारखेवरून पाडण्याची रीत आहे. त्यामुळें जानेवारींत जन्मलेला मुलगा व त्याच वर्षीं डिसेंबरांत जन्मलेला मुलगा एकाच गटांत येतात. आठ-नऊ वर्षांच्या वयांत हें अंतर लहान नव्हे. थोरला अंगानें भरलेला, म्हणून तो चांगल्या संघांत जातो. तेथें त्यास उत्तम शिक्षक व अधिक सराव मिळतो. आणि मुळांत जो केवळ वयाचा फरक होता तो पुढें गुणवत्तेचा फरक होऊन बसतो. मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्स्ली यांच्या पत्नीनें, पॉला यांनीं, एका सामन्याचें कार्यक्रमपत्रक चाळतांना खेळाडूंच्या जन्मतारखांतील हा चमत्कार प्रथम टिपला, व १९८५ सालीं बार्न्स्ली यांचें त्यावरील संशोधन प्रसिद्ध झालें.

यापुढील गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे. डीनर, लोवेन व कोब्ली या तिघांनीं १९८० ते २००७ पर्यंतच्या ड्राफ्टमधील कॅनडाच्या खेळाडूंचा हिशेब केला व तो २०१३ सालीं प्रसिद्ध केला. वर्षाच्या उत्तरार्धांत जन्मलेलीं मुलें त्यांच्या पुढील कर्तबगारीच्या मानानें चाळीसहून अधिक क्रमांक मागें निवडलीं गेलीं होतीं. आणि चारशें सामने किंवा दोनशें गुण हा टप्पा गांठण्याचा संभव, जानेवारी ते मार्चमध्यें जन्मलेल्यांपेक्षां त्यांच्या बाबतींत सुमारें दुप्पट होता. म्हणजे धाकटीं मुलें उणीं नव्हतीं, तीं उशिरां जन्मलेलीं होतीं. आणि पाहणारे नामांकित पारखी, ज्यांची उपजीविकाच पारखीवर! जीं मुलें निवडीपर्यंत टिकलींच नाहींत, त्यांची तर या हिशेबांत गणतीच नाहीं.

आपल्याकडेही शाळेंत नांव घालतांना वयाची एक तारीख ठरलेली असते, आणि एकाच वर्गांत जवळजवळ वर्षाच्या अंतराचीं मुलें बसतात. एका घरांतील दोन चुलतभाऊ एका वर्गांत असले, म्हणजे त्यांच्या गुणपत्रिका शेजारीं शेजारीं मांडून पाहण्याचा मोह आजोबांपासून आत्याबाईंपर्यंत कोणासच आवरत नाहीं. आणि एकास ‘हुशार’ व दुसऱ्यास ‘मंद’ हीं विशेषणें जीं चिकटतात तीं सहसा सुटत नाहींत. अशा वेळीं दोघांच्या जन्मपत्रिकाही काढाव्या. त्यांतील ग्रह कांहीं सांगोत वा न सांगोत, मथळ्यावरची तारीख मात्र अवश्य वाचावी. आणि धाकट्याविषयींचा निकाल आणखी कांहीं वर्षें राखून ठेवावा.